मुलगी बघायला नेलेली मास्तरीण

पंजाबातल्या मोग्यात मुलगी बघायला गेल्यावर तिचा रंग, उंची, हातचं जेवण असली चौकशी करायची पद्धत कधीच मागे पडली. आता एकच विचारतात, "बँड किती?" आयलेट्स नावाची इंग्रजीची परीक्षा असते, तिच्या गुणांना बँड म्हणतात. मुलीला साडेसहा-सात बँड पडले की ती शिकायला कॅनडाला जाते, तिच्यामागून नवरा म्हणून पोरगा जातो, आणि पोराच्या मागून त्याची आई नातवंडं सांभाळायला जाते. मुलगी इंजिन, बाकी सगळे डबे. डिझेलचा खर्च मुलाकडचे करतात, म्हणून बैठकीत मिशांना पीळ त्यांचाच. जिला एरवी घरात मोठ्यानं हसायची चोरी, तिनं परक्या माणसांसमोर परक्या भाषेत घडाघडा बोलावं, आणि बोलून झालं की ओढणी सारखी करून त्यांचेच चहाचे कप उचलावेत.

पण मुलाकडच्यांना इंग्रजी कुठे कळतं? कळत असतं तर पोरगा स्वतःच नसता का गेला! खोटे निकाल छापून आणणारेही कमी नव्हते. म्हणून पारखी माणूस बरोबर न्यायची रीत पडली, आणि मोग्याच्या पंचक्रोशीत पारखी म्हटलं की एकच नाव: बेअंत कौर. बेअंत मॅडम.

बसस्टँडसमोर औषधाच्या दुकानाच्या वर तिचं सेंटर. खाली खोकल्याचं औषध, वर व्याकरणाचं. वर्गात सकाळपासून घोकंपट्टी चालायची. "आवडत्या जागेचं वर्णन करा" म्हटलं की मोग्यातला प्रत्येक पोरगा एका निळ्याशार तळ्याचं वर्णन करायचा. मोग्यात तळं नाही. "तुमच्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती" म्हटलं की सगळ्यांची एकच आजी, पहाटे उठणारी, प्रामाणिकपणा शिकवणारी. बेअंत खडू फेकून मारायची. "अरे, तुझी आजी मागच्या गल्लीत राहते, अख्खा दिवस लोकांच्या सुनांची उणीदुणी काढते! तेच सांग ना इंग्रजीत! खरं बोललास तर बोलता तरी येईल!" पोरं हसायची आणि परीक्षेत पुन्हा तीच आजी उभी करायची.

बेअंतचा एकच माज होता. अर्धा बँड इकडचा तिकडे नाही. तिनं सहा म्हटलं की परीक्षेत सहाच यायचे. स्वतःच्या नणंदेला तिनं भर बैठकीत पाच सांगितले होते. लग्न मोडलं, सासू वर्षभर बोलली नाही. बेअंतला उलट बरं वाटलं.

सासूला तिचा राग आधीपासूनचा. बेअंत स्वतः सात बँडांवर या घरात आली होती. तिचा नवरा जगसीर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी जाड कोट घेऊन आला, तिकडे थंडी फार म्हणून. व्हिसा तीनदा नाकारला गेला. जगसीर आता सेंटरच्या दारात बसून नवीन पोरांची नावं लिहून घेतो. आल्यागेल्याला सासू ऐकवते, "सात बँडांची सून आणली मी. गेली कुठवर? मोग्याच्या बसस्टँडपर्यंत!"

अशा या बेअंतला एका रविवारी टहल सिंग न्यायला आला. टहल सिंगचा धंदा म्हशींचा आणि छंद सोयरिकी जुळवण्याचा, दोन्हीकडे नजर सारखीच. त्याचा भाचा गगनदीप, घरचा गग्गू, चार वेळा परीक्षेला बसला होता आणि चारही वेळा पाचावर आपटला होता. परदेशी जाण्याच्या नवसाचं खेळण्यातलं विमान गुरुद्वारात चढवून झालं, तरी हा जमिनीवरच. म्हणून आता मुलगी.

"मॅडमजी, पोरगी तुमच्याच सेंटरला चार दिवस येऊन गेली म्हणे," टहल सिंग गाडीत म्हणाला. "अजमेर सिंगची अर्शवीर. बाप म्हणतो सात येतील. बाप तर म्हणणारच! मी म्हैस घेताना धार काढून बघतो, मालकाच्या शब्दावर नाही घेत."

"टहल सिंगजी, मुलीच्या घरात हे बोलू नका."

"छे हो, मी वेडा आहे का? तिथं मी 'आपली लेक' म्हणेन."

मागच्या सीटवर गग्गूची आई हसली. गग्गू मोबाइलमध्ये होता.

अजमेर सिंगांच्या अंगणात खाटा टाकल्या होत्या, त्यांवर नव्या चादरी. पकोडे आले, बर्फी आली, दुधाचा दाट चहा आला. अजमेर सिंग उंचापुरा, भरदार दाढीचा माणूस, पण आज पाहुण्यांपुढे वाकून वाकून अर्धा झाला होता. त्याची बायको दारापाशी उभी. शेवटी अर्श आली, बेअंतसमोरच्या खुर्चीवर बसली. बाकीच्यांनी खाटा अशा वळवल्या की जणू आखाड्यात कुस्ती लागली आहे.

"करा सुरू, मॅडमजी," टहल सिंग म्हणाला. "आधी शब्द विचारा. वजनदार विचारा, हलके नकोत."

बेअंतनं शब्द विचारले. अर्शनं अर्थ सांगितले, उलटे शब्द सांगितले, वाक्यात घालून दाखवले. बेअंतनं चार मोडकी वाक्यं दिली, तिनं ती जागच्या जागी नीट केली. पण सावकाश, विचार करून. टहल सिंगच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याच्या लेखी इंग्रजी म्हणजे ट्रॅक्टर. थांबत थांबत चाललं तर कुठेतरी बिघाड असणार.

"अडखळते हो," त्यानं बहिणीच्या कानात सांगितलं. ते तिसऱ्या खाटेपर्यंत ऐकू गेलं.

"ती अडखळत नाही, विचार करते," बेअंत फटकन म्हणाली.

"विचार करायचा तर घरी करावा, परीक्षेत कशाला?"

बेअंतनं त्याच्याकडे पाठ केली आणि इंग्रजीत शेवटचा प्रश्न घातला. "तू ज्या प्रवासाची वाट बघते आहेस, त्याबद्दल सांग."

अर्शनं एकदा बापाकडे पाहिलं. मग तिनं जे तोंड सोडलं, ते असं:

"मॅडम, मी ज्या प्रवासाची वाट बघते तो लुधियान्याचा आहे. बसनं. तिथल्या शेतकी विद्यापीठात मला जागा मिळाली आहे, मातीच्या अभ्यासाला. बापूला सांगितलं तर म्हणाला, माती तर आपल्या दारात आहे, शिकायची काय? पुढच्या आठवड्यात फी भरली नाही तर जागा जाईल. मला कॅनडा नको. हा मुलगा तर अजिबात नको. आल्यापासून त्यानं मोबाइलकडे पाहिलं, मग बर्फीकडे, माझ्याकडे अजून पाहिलेलं नाही. मला हे पंजाबीत बोलता येत नाही, बापूसमोर घसा बंद होतो. तुमच्या पाया पडते, मला नापास करा."

हे सगळं तिनं एका श्वासात, हसऱ्या चेहऱ्यानं, मान डोलवत सांगितलं. कुणालाही वाटावं, निळ्या तळ्याचंच वर्णन चाललं आहे.

"वाह!" टहल सिंगनं मांडीवर थाप मारली. "आता कसं! सुसाट!"

"कुठे अडकली नाही बाई," गग्गूची आई म्हणाली. "जिथल्या तिथं गोऱ्या मडमेसारखी!"

अजमेर सिंगांची छाती दोन बोटं वर आली.

बेअंतला आधी आला तो राग. तिच्याकडून खोटे गुण? तिनं इंग्रजीतच सुनावलं, "मी गुण विकत नाही आणि दानही करत नाही."

"मग मला कोणी विकलं तर चालेल तुम्हाला?" अर्श तशीच हसत म्हणाली.

 बेअंतला तिची स्वतःची बैठक आठवली. एका म्हाताऱ्या हेडमास्तरांनी तिला प्रश्न विचारले होते, तिनं फडाफड उत्तरं दिली होती आणि वर मान करून सगळ्यांकडे पाहिलं होतं. केवढा तो गर्व! जायचं आहे का, हा प्रश्न त्या परीक्षेत नव्हता. तिला स्वतःलाही सुचला नव्हता.

तिनं ओढणी झटकली आणि पंजाबीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला. "साडेपाच."

आयुष्यातलं तिचं पहिलं खोटं माप.

 टहल सिंगनं डोळे बारीक केले. "साडेपाच? मॅडमजी, आम्ही अडाणी असू, बहिरे नाही. पोरगी आगगाडीसारखी धावली की!"

"वेगाला गुण नसतात."

"नसू देत. आमच्या गग्गूला पाच पडतात, तो कसा बोलतो ऐकलंय मी. अं अं करत. ही एकदा तरी 'अं' म्हणाली? गग्ग्या, सांग रे!"

गग्गूनं मान वर केली. "नाही म्हणाली, मामा." एवढं बोलून तो परत मोबाइलमध्ये गेला.

"मला समजलं," टहल सिंग उठून उभा राहिला. "धर्मकोटवाल्यांनी मॅडमला गाठलेलं दिसतं! त्यांचाही पोरगा आहे ना लग्नाचा? इथं साडेपाच सांगायचे, आम्ही उठायचं, आणि संध्याकाळी त्यांनी सात बँडांची पोर उचलायची! अजमेर सिंगजी, आम्हाला लेक पसंत आहे. शगुन आत्ताच. ताई, काढ तो नारळ!"

बेअंतचं डोकं सणकलं. जन्मभर खरं सांगितलं तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि एकदा खोटं सांगितलं तर थेट चोर ठरवलं. त्यात चोरी खरीच होती, हे जास्त झोंबलं. अजमेर सिंग हात जोडून हसत होते. अर्शची आई लाडवांचं ताट आणायला आत वळली. अर्शचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, त्यातलं पाणी मात्र आटलं होतं. इंग्रजीत वाघीण झालेली पोर पंजाबीत पुन्हा शेळी होऊन ओढणीचं टोक पिळत होती.

"थांबा!" बेअंत ओरडली. "परीक्षा संपलेली नाही."

"आता काय राहिलं?"

"भाषांतर. नारळ द्यायचा तर पुऱ्या परीक्षेवर द्या. नंतर माझ्या नावानं शंख करू नका." ती अर्शकडे वळली, आणि इथं तिचा आवाज वर्गातल्यासारखा करडा झाला. "आत्ता जे इंग्रजीत बोललीस, ते सगळं पंजाबीत सांग. शब्दाला शब्द. एक जरी गाळलास तर गुण कापेन."

अर्शनं घाबरून मान हलवली. नाही.

"हे असं!" टहल सिंग म्हणाला. "येत असून लाजते पोरगी."

आणि मग बेअंतला जे अपेक्षित होतं तेच झालं. अजमेर सिंगांना पाहुण्यांपुढे लेकीची माघार सहन होईना. "सांग पुत्तर, सांग! मॅडम विचारताहेत ना? लाजायचं काय त्यात? मोठ्यानं सांग, सगळ्यांना ऐकू दे!"

बापाचाच हुकूम. अर्शनं डोळे जमिनीवर लावले आणि सांगायला सुरुवात केली. लुधियाना सांगितलं, माती सांगितली, फी सांगितली. आवाज बारीक होता, पण थांबली नाही. कॅनडा नको सांगितलं. गग्गू, मोबाइल, बर्फी, क्रमवार सांगितलं. शेवटचं "मला नापास करा" म्हणाली तेव्हा गग्गूच्या हातातली बर्फी तोंडाशी पोचली होती. ती त्यानं हळूच ताटात ठेवली.

"गुण पूर्ण," बेअंत म्हणाली. "ही मुलगी साडेसातची आहे. मघाशी मी खोटं बोलले."

गग्गूची आई आधी सावरली. "हिला धाकटी बहीण आहे का?" तिनं विचारलं. 

अजमेर सिंगांचा चेहरा काळवंडला होता. ते लेकीकडे दोन पावलं आले तसं बेअंत मध्ये जाऊन उभी राहिली. "मॅडमजी, बाजूला व्हा," ते दातओठ खात म्हणाले. "तुम्ही माझ्या घराचा तमाशा केलात. हिच्याशी मी बोलतो."

बोलणं काय झालं असतं, ते सांगायला नको. पण टहल सिंगच्या जिभेला हाड नव्हतं. जाता जाता फाटकापाशी थांबून, गल्लीत जमलेल्या बायकापोरांसमोर त्यानं आवाज चढवला. "एवढे बँड असून जायचं नाही म्हणते? अहो, कोण नाही म्हणेल कॅनडाला! लुधियान्यात कोणीतरी ठेवलेला असणार हिचा. चौकशी करा, अजमेर सिंगजी!"

अजमेर सिंग वळले. पाहुण्यांसमोर सकाळपासून वाकलेला माणूस पाहता पाहता पुऱ्या उंचीचा झाला.

"काय म्हणालास?"

"मी आपलं..."

"माझी लेक मातीचं शिकायला चाललीय लुधियान्याला! समजलं? सगळ्या गल्लीला सांगतो, चाललीय! पुढच्या आठवड्यात! मी स्वतः सोडायला जाणार. तू आधी तुझ्या भाच्याला सहा बँड पाडून दाखव, मग माझ्या लेकीचं नाव तोंडात घे! चल, नीघ!"

गाडी धुरळा उडवत गेली. बेअंतला कुणी बसही म्हटलं नाही आणि न्यायलाही कुणी उरलं नाही.

अजमेर सिंग फाटकाला धरून उभे होते. रागाच्या भरात गल्लीसमोर काय बोलून बसलो, हे आता त्यांच्या ध्यानात येत होतं. शेजारच्या बायका "मुबारक हो" म्हणत होत्या. एकीनं तर विचारलंही, बसनं जाणार की गाडीनं? शब्द मागे घ्यायचा तर त्याच गल्लीसमोर घ्यावा लागणार. ते त्यांच्यानं या जन्मात झालं नसतं.

ते अंगणात आले. लेकीकडे न बघता खाटेवर बसले.

"मातीत काय शिकवतात?" त्यांनी विचारलं. आवाजात राग तसाच होता.

अर्श सांगायला लागली. पंजाबीत. सावकाश, थांबत थांबत, विचार करत.

बेअंत फाटक लोटून बाहेर पडली आणि बस मिळेल त्या रस्त्याला लागली. उद्या टहल सिंग गावोगाव सांगत फिरणार, की मॅडमचं माप खोटं निघालं. खरंच सांगणार होता. तिला त्याचा राग मात्र येईना.