स्वप्नालीचा शिवदोरा

निलंग्याच्या बसस्टँडामागच्या गल्लीत शिरलं की आधी शिलाई मशीन ऐकू येते आणि मग स्वप्नाली दिसते. ती एका जागी टिकत नाही. ब्लाउजला बाही लावता लावता उठते, दुधाखालचा गॅस बारीक करते, दारात येऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघते, परत येऊन बसते. बसली तरी पाय हलतच असतो. कुणी म्हणालं, "स्वप्नाले, जरा दम खा की गं," तर म्हणते, "दम मेल्यावर खाईन. आधी तुझी बाही घे."

ही तळमळ तिला लहानपणापासूनची आहे. सावली जशी माणसाला सोडत नाही, तशी. पण गेल्या साली ती तळमळ तिला जिथवर घेऊन गेली, ते सांगण्यासारखं आहे. आणि तिनंच मला सांगितलं, सांग म्हणून.

घर लिंगायताचं. कानडी आता घरात फारशी उरलेली नाही, पण आईला अव्वा म्हणायचं तेवढं उरलंय. आणि गळ्यातलं लिंग उरलंय. मूल जन्मलं की त्याच्या अंगावर लिंग येतं ते मातीआड होईपर्यंत. चांदीची बोराएवढी डबी, तिच्यात लिंग, आणि ती डबी छातीशी धरणारा शिवदोरा. सकाळी अंघोळ झाली की डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, डोळे मिटायचे, पुसून परत डबीत. बाकी चोवीस तास ते छातीशी.

इतर बायकांची डबी पदराआड निवांत निजलेली असते. स्वप्नालीची निजायची नाही. तिची छाती सपाट, पोरपणी होती तशीच राहिलेली. चालली की डबी हाडावर टकटक वाजायची. वाकली की लोंबायची, उभी राहिली की पदरातून टोक दिसायचं. उदगीरला एका लग्नात नात्यातली एक बाई सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हिनं महादेवाला बसायला मैदानच देऊन टाकलंय की!" मांडवभर हशा पिकला. स्वप्नालीही हसली. घरी आल्यावर अंगातल्या ब्लाउजची शिवण उसवून तिनं आतल्या कपांना आणखी एक थर लावला.

जगाच्या बायकांची मापं घेणारी ही बाई स्वतःचं माप आरशाकडं पाठ करून घ्यायची. चालायची ती खांदे पुढं काढून, पाऊस लागल्यासारखी. लेक अक्षरा झाली, दोन वर्षं अंगावर प्यायली, सोडली, आणि जे थोडं होतं तेही ओसरलं. मोबाइलवर छाती मोठी करायच्या ऑपरेशनच्या चित्रफिती बघायची. सकाळी दवाखान्यात, संध्याकाळी घरी, जन्मभर बघायला नको, असं सांगणारे हसरे चेहरे. बघायची, मोबाइल पालथा ठेवायची, परत उचलायची.

नवरा शिवकुमार लातूरला आडतीवर मुनीम. एका रविवारी तो जेवत असताना तिनं सांगून टाकलं.

"मला ऑपरेशन करायचंय."

"कशाचं?"

तिनं कशाचं ते सांगितलं. शिवकुमारचा घास हातातच राहिला. "माझ्यापायी म्हणत असशील तर मला काय कमी न्हाई बग."

"तुमच्यापायी कोण म्हणून राहिलंय? मला ताठ उभं ऱ्हायचंय."

त्यानं घास खाल्ला, पाणी प्याला, ताट सरकवलं. "मग आधी नीट डॉक्टर बघू. मोबाइलातला न्हाई."

लातूरची डॉक्टरीणबाई प्लास्टिक सर्जरी शिकलेली होती. शिवकुमारनं तिची पदवी दोनदा वाचली, भूल देणारा डॉक्टर वेगळा असतो का ते विचारलं. बाई रागावली नाही. "असंच विचारायचं असतं," म्हणाली. मग स्वप्नालीकडं वळली.

"हे जन्मभराचं नसतं, हे आधी ऐक. दहा वर्षं टिकेल, पंधरा टिकेल, कधी लवकरही बिघडेल. पुढं कधीतरी बदलायला नाहीतर काढायला लागतं. म्हणजे एक ऑपरेशन नाही, आणखी एक तरी हिशेबात धर."

स्वप्नालीचा पाय टेबलाखाली हलत होता.

"आत बसवलेल्या पिशवीभोवती शरीर आपली व्रणाची साल धरतं. कुणाकुणाची ती आवळते, छाती कडक होते, दुखते. स्पर्श कमी होऊ शकतो, कधी कायमचा. दोन्ही बाजू अगदी एकसारख्या होतील असं मी लिहून देणार नाही. आणखी मूल हवंय का? अंगावर पाजताना अडचण येऊ शकते. पुढं छातीचा फोटो काढायची वेळ आली तर आत काय आहे ते आधी सांगायचं, आणि त्याचं कार्ड जन्मभर जपायचं. काही दुर्मिळ आजारही यातून होतात, म्हणून कितीही वर्षांनी एक बाजू अचानक सुजली तर दाखवायला यायचं. सिगरेट ओढतेस का?"

स्वप्नालीला हसू आलं. "अवो बाई, निलंग्यात कोण सिगरेट ओढतंय?"

"मिश्री?"

हसू मावळलं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि अव्वाशी वाजलं की आणखी एकदा, अशी तिची मिश्री चालायची.

"तीही तंबाखूच. बंद केल्याशिवाय मी हात लावणार नाही. जखम भरत नाही तिनं. आणि आज तारीख देत नाही. घरी जा, विचार कर. नको वाटलं तर तेही बरोबरच आहे."

मिश्री सोडलेले ते दिवस घरात कुणी विसरणार नाही. मशीन तर तापलीच, माणसंही तापली. तीन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लागल्या. पण ती मागं फिरली नाही.

अव्वाला काय सांगायचं, एवढंच उरलं होतं. अव्वा म्हणजे शिवकुमारची आई, गौरम्मा. आवाज खणखणीत, मन लोण्याचं, आणि पोटात काही ठरत नाही. स्वप्नालीनं सोपी वाट काढली. "अव्वा, छातीत गाठ हाय म्हणत्यात. काढायची." अव्वा मटकन खाली बसली. तिचा चेहरा बघून खरं सांगावं असं स्वप्नालीच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र निघालं, जोडवी निघाली. डबी राहिली. नर्सच्याच नजरेला ती पडली. "हेपण." स्वप्नालीनं डबी मुठीत धरली. जन्मल्यापासून ती अंगावेगळी झाली नव्हती. शिवकुमार पुढं झाला, त्यानं शिवदोरा हळू काढला आणि आपल्या गळ्यात घातला. बाहेरच्या बाकावर तो माणूस दोन डब्या छातीशी धरून बसून राहिला, दारावरच्या दिव्याकडं बघत.

सगळं नीट झालं. दुसऱ्या दिवशी सोडताना नर्सनं घडाघडा सांगितलं: हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, ओझं नाही, पोरगी उचलायची नाही, पालथं झोपायचं नाही, आधाराचा पट्टा दिवसरात्र, जखम कोरडी, गळ्यात काही घालायचं नाही. ताप आला, एक बाजू लाल झाली, सुजली, तर वाट न बघता फोन करायचा.

स्वप्नालीनं प्रत्येक गोष्टीला मान हलवली. मंगळसूत्र पर्समध्ये ठेवलं. आणि खाली गाडीत बसल्या बसल्या नवऱ्याच्या गळ्यातला शिवदोरा काढून स्वतःच्या गळ्यात घातला. लिंग म्हणजे गळ्यातलं थोडंच? गळ्यातलं म्हणजे दागिना. लिंग अंगातलं. हात काढून ठेवा म्हटल्यावर कुणी हात काढून ठेवतं का? तिच्या मनात शंकासुद्धा आली नाही, शिवकुमारच्याही नाही. दवाखान्यात कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हे तिथंही कुणाला सुचलं नाही.

पट्ट्यावर डबी टोचायची, म्हणून तिनं ती पट्ट्याच्या आत सारली. शिवदोरा लांब होता. डबी घसरून डावीकडं खाली, नेमकी टाक्यांच्या जागी जाऊन बसली. रोज सकाळी अंग पुसून झालं की पूजा. पाणी, भस्म, मिटलेले डोळे. मग ओलसर डबी परत आत.

घरात तिला बसवेना. अक्षरा सारखी हात वर करून यायची, "मम्मी, उचल." स्वप्नाली तोंड फिरवायची. मशीन झाकलेली. आणि गल्ली मात्र उघडी! अव्वानं गाठीची बातमी चार घरी सांगितली होती, त्या चारांनी चाळीस घरी. समोरची महानंदा डाळिंब घेऊन आली.

"केवढी होती गं गाठ? लिंबाएवढी?"

"हाव, तेवढीच."

"माझ्या नणंदेची पेरूएवढी होती. गेली बिचारी."

"महानंदे," अव्वा गरजली, "डाळिंब ठेव अन् जा. पुढच्या बारीला नणंद सोडून ये."

तिकडं अव्वा देवापुढं रडायची, सोमवार धरायची, भिंतीकडं तोंड करून पडायची. सुनेला वाटायचं, आता सांगावं, आत्ताच. आणि मग वाटायचं, बरी झाल्यावर सांगू.

दुसऱ्या आठवड्यात डावी बाजू ठणकू लागली. स्वप्नालीनं आरशात बघितलं. डबीच्या आकाराची लाली होती. चार दिवसांत ती पसरली, सूज आली, अंगात कणकण शिरली. फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. फोन केला तर लातूरला बोलावतील, अव्वा बरोबर येईल, डॉक्टरीणबाईच्या तोंडून खरं निघेल. ती घरभर फिरत राहिली, स्वयंपाकघरातून दारात, दारातून मोरीत, अंगाला घाम, दात वाजतायत. शिवकुमारला सकाळी सांगितलं, "सर्दी हाय," आणि तो कामाला गेला.

दुपारी अव्वानं कपाळाला हात लावला आणि किंचाळली. "मायबाई! गाठ उलटली. आतून फिरली गं माझ्या लेकराला!" ती तिथंच जमिनीवर बसून छाती बडवू लागली. अक्षराही रडायला लागली.

ते स्वप्नालीला बघवेना.

"अव्वा, गाठ न्हाई. गाठ नव्हतीच. मी... मी छाती मोठी करून घेतली. आत पिशव्या बसवल्यात. तुमच्याशी खोटं बोलले."

अव्वाचे हात हवेतच थांबले. 

"म्हंजे तुला कॅन्सर न्हाई?"

"न्हाई."

"ह्या आधी बी नव्हता?"

"नव्हता, अव्वा."

"अगं कैदाशिणी!" अव्वा उठली. "मी सोमवार धरले, मीठ सोडलं, त्या महानंदीची डाळिंबं खाल्ली! तुला मी... ऊठ. आधी ऊठ. मारायचं मागून बघू. कुठं दुखतंय दाव."

पट्टा सोडला तेव्हा डबी जखमेला चिकटलेली होती. खाली भस्माची राखाडी ओल आणि पू. जीव गेला तरी लिंग अंगावेगळं करू नये, हे तिनंच या सुनेला लग्नाच्या दिवशी सांगितलं होतं. तिनं पदरानं हात पुसले, शिवदोरा सुनेच्या डोक्यावरून काढला आणि आपल्या गळ्यात घातला.

"तोवर ऱ्हाऊ दे माझ्याकडं. महादेव काय रुसत न्हाई. फोन लाव त्या बाईला."

गल्लीतल्या गाडीनं दोघी लातूरला गेल्या. शिवकुमार तिथंच येऊन मिळाला. डॉक्टरीणबाईनं जखम बघितली आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. डावीकडचं काढावं लागलं. "पहिल्या दिवशी आली असतीस तर वाचवायचा प्रयत्न तरी केला असता," एवढंच म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "आणि मी मिश्री विचारली, लिंग विचारलं नाही."

पुढचे महिने स्वप्नालीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. एक बाजू भरलेली, एक रिकामी. ब्लाउज शिवणारीलाच स्वतःचा ब्लाउज जमेना. उजवीकडं एक टाका, डावीकडं तीन थर. आधी खांदे दोन्ही वाकायचे, आता एकच. काही रात्री वाटायचं, उजवंही काढून टाकावं, संपवावं. सकाळी वाटायचं, नाही. दुपारपर्यंत पुन्हा काढावंसं वाटायचं. महानंदानं विचारलं, "आता कसलं गं दुखणं?" तर अव्वानंच उत्तर दिलं, "तिला छाती पायजे होती, तिनं केली. तुला जीभ हाय, तू वापरतीस. झालं?"

जखम पुरती भरली, आतली सूज गेली, तशी डॉक्टरीणबाईनं बोलावलं. अव्वा बरोबर होतीच. "दोन रस्ते आहेत," बाई म्हणाली. "डावं परत बसवायचं, नाहीतर उजवं काढायचं. परत बसवलं तर पुन्हा असं होण्याची भीती पहिल्यापेक्षा थोडी जास्त असते. काढलंस तर सपाट होशील, कातडी जरा सैल दिसेल. दोन्हीत चूक काही नाही. काय करायचं?"

जखम भरल्यावर पुन्हा गळ्यात आलेली डबी काढून स्वप्नालीनं टेबलावर ठेवली.

"आधी ह्याचं सांगा. हे कवा काढायचं, कुठं ठेवायचं, परत कवा घालायचं. आणखी एक, भस्म कुठवर लावलेलं चालतं?"

डॉक्टरीणबाईनं खुर्ची पुढं ओढली आणि एक एक करून सांगितलं. भूल देताना अंगावर नको. टाके भरून मी बघेपर्यंत छातीपाशी नको. दंडाला बांधलं तर चालेल, पण कोरडं. भस्म कपाळाला, मानेखाली नाही. पूजा करायची, पण हात धुऊन, आणि लिंग पट्ट्याच्या आत कधीच नाही. स्वप्नाली प्रत्येक गोष्ट पुन्हा म्हणून दाखवत होती, शाळेतल्या पोरीसारखी.

अव्वानं डबी उचलली आणि स्वतःच्या डबीशेजारी लटकवली. "दंड बिंड नको. टाके भरेस्तोवर ह्या म्हातारीच्या गळ्यात ऱ्हाईल. रोज पूजेला हातावर देईन, परत घेईन."

"मग?" डॉक्टरीणबाईनं विचारलं. "भरायचं की काढायचं?"

टेबलाखाली स्वप्नालीचा पाय हलत होता. अव्वानं त्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय थांबला नाही.

"भरायचं," स्वप्नाली म्हणाली.