काकांची पाठराखीण

जगातली प्रत्येक वस्तू चुकीच्या जागी पडलेली आहे आणि ती योग्य जागी नेण्यासाठीच आपल्या ट्रॉलीचा जन्म झाला आहे, याबद्दल माझ्या आत्याच्या यजमानांच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, मनात कधीच शंका नव्हती. ट्रॉली म्हणजे जीपच्या मागे जोडायचा दोन चाकांचा, गुडघाभर पत्र्याच्या भिंतींचा छोटा गाडा. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात काकांनी ती घेतली तेव्हा त्यांच्याकडे जीप नव्हती. जीपच काय, सायकलही नव्हती. पनवेलच्या त्यांच्या अंगणात ती वर्षभर नाक जमिनीला टेकून बसून होती आणि आत्या तिच्यात पापड वाळवत होती. मग काकांनी एक जुनी जीप घेतली, तीही ट्रॉलीला शोभेल अशी, म्हणजे तितकाच रंग उडालेली. "लोकं मुलासाठी सून बघतात," आत्या म्हणायची, "आमच्याकडे सुनेसाठी मुलगा शोधला."

ट्रॉली कुणीही मागावी, काका द्यायचे. पण एकटी कधीच नाही. गव्हाणचे एक ओळखीचे गृहस्थ घरच्या साखरपुड्याला खुर्च्या न्यायच्या म्हणून आले होते. "काका, जीप आमची हाय. नुसती ट्रॉली द्या, सांजला आणून देतो ना आमी."

"ती एकटी कुठे राहत नाही," काका म्हणाले.

"आमी काय खाणार हाय काय तिला?"

"तसं नाही हो. मी येतो बरोबर."

"मग या. पण तुमी जेवा, तिला आमी वाढणार नाय!"

काका गेले, जेवले, आचाऱ्याशी वाद घालून आले. अशा किती साखरपुड्यांना आणि बारशांना ते ट्रॉलीच्या नात्याने हजर राहिले असतील! माल असला की त्यावर काथ्याचा दोर, आणि दर थोड्या अंतराने जीप थांबवून त्या दोराची तपासणी. बाकीची माणसं खोपोलीला पोचायची तेवढ्या वेळात आम्ही पळस्पे फाटा गाठायचो. माल नसला तर आणखी पंचाईत, कारण रिकामी ट्रॉली उड्या मारते. म्हणून आत्याचा पाटा-वरवंटा कायम ट्रॉलीत. चटणी वाटायची झाली की काका गावात कुठे आहेत ते आधी शोधावं लागे.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो रिव्हर्समुळे. जीपला ट्रॉली जोडली की मागे घेताना सगळं उलटं होतं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते. काकांना हे माहीत होतं, त्यांच्या हातांना नव्हतं. त्यामुळे मागे उभं राहून ओरडायला कुणीतरी लागायचं, आणि सबंध पनवेलमधून काकांनी या कामासाठी मला निवडलं. मी इंग्रजी शाळेतली. शाळेत हळू बोलण्याबद्दल माझं कौतुक व्हायचं, आणि चार अनोळखी माणसं समोर आली की तेवढाही आवाज घशातच राहायचा. एकदा वडाळे तळ्यापाशी ट्रॉली मागे येत होती. मी म्हणाले, "काका, प्लीज थांबा ना." 'प्लीज' म्हणेपर्यंत ट्रॉली कठड्यावर आदळली. काका उतरले, पोचा कुरवाळला आणि भर रस्त्यात मला म्हणाले, "ट्रॉलीला प्लीज कळत नाही. बास म्हणायचं, बास! पोटातून!" बघे हसले. त्यानंतर काकांची जीप फाटकात वाजली की मी मागच्या दाराने बाहेर जायला शिकले.

काका ट्रॉलीला पाठराखीण म्हणत. मला वाटायचं, ट्रेलरचा तोच शुद्ध मराठी शब्द. पाठीमागून येते, पाठ राखते, सगळं जुळत होतं. मराठीच्या पेपरात मी निःशंकपणे लिहिलं, 'आमच्या काकांच्या पाठराखिणीला दोन चाके आहेत व तिच्यात एका वेळी दहा पोती मावतात.' बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. त्यांचं हसू थांबेपर्यंत तास संपला. घरी आत्याने सांगितलं, नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची एखादी बाई तिच्याबरोबर जाते आणि थोडे दिवस राहते, नवरी परक्या घरात बावरू नये म्हणून. ती पाठराखीण.

माझं लग्न वाशीला ठरलं तेव्हा मला ती आठवली. आत्याने माझ्याबरोबर यावं एवढंच मला हवं होतं. पण ऐन वेळी तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. आई म्हणाली, "हल्ली कोण पाठवतं पाठराखीण? वाशी काय परदेश आहे?" त्या घरात आपल्या तोंडून शब्दच फुटला नाही तर, या भीतीने मला झोप येत नव्हती, आणि हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं. त्यात काका उभे राहिले. "हिचं सामान आपल्या ट्रॉलीतून जाणार."

"काका, टेंपो करू या ना," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"टेंपो? ओळख ना पाळख!"

तर लग्न लागल्यावर पुढे फुलं लावलेली गाडी आणि मागे माझ्या पुस्तकांच्या पेट्या, शिवणयंत्र आणि पाटा-वरवंटा घेतलेली ट्रॉली, दोर तपासायला वाटेत थांबत थांबत, आम्ही वाशीच्या सोसायटीत पोचलो. गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. सासूबाई ओवाळायचं तबक घेऊन खालीच आल्या होत्या. मी जमिनीत शिरायला जागा शोधत होते, तेवढ्यात काकांनी जीपमधून डोकं काढलं. "रिव्हर्स घ्यायचाय. मागे ये."

"मी?"

"मग कोण? तिला तुझाच आवाज कळतो."

माझे दीर पुढे झाले, त्यांना काकांनी हाताने मागे सारलं. मी शालू सावरत, मुंडावळ्या मागे टाकत उभी राहिले. ट्रॉली वाकडीतिकडी येत होती आणि तिच्या वाटेत कुणाची तरी नवी कोरी स्कूटर होती. 'प्लीज' माझ्या ओठांवर आलं. स्कूटरचा दिवा चार बोटांवर राहिला.

"बास! काका, बास! स्टिअरिंग उजवीकडे तोडा! बास म्हणते ना!"

ट्रॉली जागच्या जागी थांबली. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई! मला वाटलं होतं मुकी सून आणतोय."

"ट्रॉलीला प्लीज कळत नाही," मी म्हणाले. सासरी बोललेलं माझं पहिलं वाक्य ते.

सामान वर गेलं. मग काकांनी वाकून जोडणीची खीळ काढली, ट्रॉलीचं नाक एका विटेवर टेकवलं आणि ते जीपमध्ये जाऊन बसले.

"काका, ट्रॉली राहिली!"

"राहू दे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पाठराखीण लगेच परत येत नाही."

जीप एकटीच निघून गेली. मी तिला एकटं कधी पाहिलंच नव्हतं.

सोसायटीचे सेक्रेटरी रोज विचारायचे, "हे प्रकरण कुणाचं?" आणि सासूबाई रोज सांगायच्या, "सुनेबरोबर आलीय. राहील थोडे दिवस." सकाळी उठले की मी आधी गॅलरीतून खाली बघायचे. एका सकाळी पाहिलं, तर सासूबाईंनी तिच्यात पापड वाळत घातले होते.

पुढच्या रविवारी काका न्यायला आले. पापड काढले, खीळ बसवली, काही नसलेल्या मालाचा दोर दोनदा ओढून पाहिला. ट्रॉली फाटकाकडे तोंड करूनच उभी होती. सरळच निघायचं होतं, रिव्हर्सचा प्रश्नच नव्हता.

तरी मी मागे जाऊन उभी राहिले.