मिसरीची चिमूट
शेजारी तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की त्या उग्र वासानं मला आमच्या उचगावातली ती सकाळ आठवते. लेक नुकतीच कॉलेजला जाऊ लागली होती. तिथली पोरं गुटखा खातात म्हणून आम्ही बायका नावं ठेवायचो, पण स्वतः रोज सकाळी दारात बसून, अशीच भाजलेली तंबाखू कुटून केलेली मिसरी बोटानं दातांना लावायचो. मिसरीला आमच्यात कुणी व्यसन म्हणत नसे. माझी शाळा चौथीतून सुटली त्याच वर्षी मला तिची सवय लागली होती. त्या दिवशी लेक तोंड धुवायला बाहेर आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कॉलेजची झालीस म्हणून आमच्यात बसत न्हाईस व्हय गं? लाव की जरा, दात घट्ट हुत्यात." बायका हसल्या. लेक लाजून बसली आणि तिनं हात पुढं केला. तळव्यावर चिमूट पडली तशी मी तो हात धरून उपडा केला. सासूबाईंपुढं मी कधी मान वर केली नव्हती. त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या तोंडात काय हाय?" माझं तोंड मिसरीनं भरलेलंच होतं. मी उठले, मोरीत थुंकले, खळाखळा चूळ भरली आणि परत येऊन म्हणाले, "आता काय न्हाय. हिला द्यायची न्हाय, आत्ती." पुढं आठ दिवस डोकं ठणकलं, पण मिसरीच्या डबीला मी पुन्हा हात लावला नाही. सासूबाई मला टोमण्यानं मास्तरीण म्हणू लागल्या. आज त्या नाहीत, पण गल्ली अजून त्याच नावानं हाक मारते, आणि मी खुशाल ओ देते.