मुलासाठी घेतलेला सेंट

मैत्रिणींनो, माझा मुलगा बोटीवर असतो, तो रविवारी सुट्टीवर येतोय. आज त्याच्यासाठी सेंट घेतला आणि पारखायला माझ्याच मनगटावर मारला. आधी लिंबाचा ताजा वास आला, मग मिरी-लवंगेचा. मला आवडला.

वास येताच कुंपणापाशी शेजारच्या कुंदाताई थबकल्या. "काय गो, आला वाटतं तुझा बाबू?"

"नाही हो, मीच लावलाय. त्याच्यासाठी घेतलाय."

"त्याला आवडतो असला वास?"

लहानपणी लिंबू सरबत दोनदा मागायचा, एवढंच मला सांगता आलं. आता तो चौतीस वर्षांचा आहे. सकाळपासून सारखी मनगट हुंगतेय, पण त्याला आवडेल की नाही, काही ठरत नाही.

फोन आला की मी जेवलास का, झोपलास का, एवढंच विचारते. तुमच्या मुलांना आता काय आवडतं, तुम्हाला तरी माहीत आहे का?