चिमाजीने चालवत नेलेला बंब

चिमाजी गांगुर्डे अग्निशमन दलात बत्तीस वर्षं ड्रायव्हर होता, आणि त्या बत्तीस वर्षांत त्याने एकदाही ‘कुठे जायचंय?’ असं विचारलं नाही. हे त्याचं कौतुक नव्हे, तशी शिस्तच होती. वॉचरूममध्ये फोन मी घ्यायचो, पत्ता चिठ्ठीवर खरडायचो आणि चिठ्ठी लीडिंग फायरमनच्या हातात जायची. तो ड्रायव्हरच्या शेजारी बसणार. तो डावीकडे म्हणाला की डावीकडे, सरळ म्हणाला की सरळ. ड्रायव्हरने फक्त रस्ता बघायचा. पत्ता कळला की माणूस मनाने आधीच आगीपाशी पोचतो आणि चौकात कुणाला तरी उडवतो, असं आमचे जुने साहेब सांगत. त्यात तथ्य होतं.

माझं नाव ढुंढिराज. माझे काका रामकुंडावर पूजा सांगायचे, तेवढ्यावरून अख्खं स्टेशन मला गुरुजी म्हणायचं. मला साधी संकष्टीची आरतीसुद्धा पुरती पाठ नाही. पण चिमाजीला कोण समजावणार? तो अजूनही चारचौघांत गुरुजी म्हणूनच हाक मारतो.

आमचा बंब बेडफर्ड कंपनीचा. पितळी घंटा, डोक्यावर लाकडी शिडी, आणि गियर असा की क्लच दोनदा दाबल्याशिवाय पडायचा नाही. घाईत एकदाच दाबला तर सगळी गाडी करकरा दात खायची. नवे ड्रायव्हर त्याला हात लावायला घाबरत. चिमाजी मात्र त्याच्याशी बोलत बोलत गियर टाकायचा. एकदा चांदवडकडे कांद्याच्या चाळीला आग लागली होती, तिथे आम्ही दिवसभर होतो. परत आल्यावर सरुबाईने, म्हणजे चिमाजीच्या बायकोने, नवऱ्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. अंगणातच तीन बादल्या ओतल्या आणि म्हणाली, “त्या बंबालाच घेऊन झोपा आता!”

त्या बंबावर बहिरू होता. सुरगाण्याचा, अंगाने सडपातळ, शिडीवर आमच्यात सगळ्यात चपळ. एका वखारीच्या आगीत भिंत त्याच्या अंगावर आली. चिमाजीने त्याला त्याच बंबावर घालून दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. त्या वर्षी खंडेनवमीला बहिरूची बायको मैना आपणहून स्टेशनात आली. बंबाला हार घातला होता, नारळ फोडायचा होता, आणि कुणी काही न ठरवता तो नारळ तिच्या हातात दिला गेला. पुढे दरवर्षी तीच पूजा करायची. बंब मोडीत काढून शेडमागे ढकलला, तरी ती पेठ रोडवरून यायची, गवतात उभ्या असलेल्या त्या धुडापुढे नारळ फोडायची आणि परत जायची.

सोमनाथ आमच्या शेवटच्या काळात भरती झालेला. त्याला गाडी चालवायला चिमाजीनेच शिकवलं, परीक्षेला बसायला लावलं. आता तो मोठा साहेब झाला आहे. दोन वर्षांपूर्वी तो पेढे घेऊन चिमाजीच्या घरी आला आणि वाकून पाया पडला.

“दादा, कुंभमेळ्यासाठी आडगावकडं नवं स्टेशन होतंय. आपला बंब दर्शनी भागात उभा करू. दारावर बहिरूभाऊंचं नाव टाकू. पण तो चालू तुम्हीच करू शकता.”

चिमाजीला आणखी काय हवं होतं? तो त्याच दिवशी पेठ रोडला जाऊन मैनाबाईंना सांगून आला, “वैनी, भाऊचं नाव बंबावर येणार. उद्घाटनाला मी स्वतः न्यायला येतो.”

मग सव्वा वर्ष हा सत्तर वर्षांचा माणूस रोज सकाळी डबा घेऊन स्टेशनात जायचा. इंजिन खोललं, पंप खोलला, ब्रेक नवे केले. एक पार्ट मिळेना तर सिन्नरच्या एमआयडीसीत चार दिवस ठाण मांडून तो लेथवर करून घेतला. घरात नळ गळत होता आणि नवरा दुसऱ्याचा पंप दुरुस्त करतोय, म्हणून सरुबाईच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी तिनेच शिरा करून पाठवला, हेही सांगायला हवं.

चौदा एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनी, बंब नव्या स्टेशनला निघाला; उद्घाटन नंतर व्हायचं होतं. चिमाजीने जुना गणवेश इस्त्री करून घातला होता. शेजारी लीडिंग फायरमनच्या जागेवर सोमनाथ बसला, मागून दलाची जीप. आम्ही म्हाताऱ्यांनी फाटकात टाळ्या वाजवल्या. पुढचं मला चिमाजीने नंतर सांगितलं.

द्वारका चौकात आडगावला जायचं तर डावीकडे वळावं लागतं. सोमनाथ म्हणाला, “सरळ.” चिमाजीने सरळ घेतला. त्याला वाटलं, नाशिकरोडला मिरवून परत फिरवणार असतील. नाशिकरोड मागे पडलं. सोमनाथ म्हणाला, “सरळच.” शिंद्याचा टोलनाका गेला, तरी चिमाजीने विचारलं नाही. मी त्याला यावरून फाडफाड बोललो आहे. अरे, तोंड शिवलं होतं का तुझं? तो म्हणाला, “गुरुजी, शेजारच्या सीटवर माणूस बसला की माझं तोंड उघडतच नाही.”

सिन्नरच्या अलीकडे लग्नाचं एक मोठं लॉन आहे. कमानीपाशी सोमनाथ म्हणाला, “आत घ्या.” आत मंडप, बँड, आणि मालक गुच्छ घेऊन उभा. नवरानवरीला बंबावरून मंडपात आणायचं, अशी त्याची कल्पना. बंब लिलावात विकला गेला होता, चालू स्थितीत. सौदा दोन महिन्यांपूर्वीच झाला होता, आणि चिमाजी ब्रेक बसवत होता तेव्हा सोमनाथ रोज त्याला चहा पाजत होता.

“वरून आदेश होता, दादा. भंगारातच जाणार होता. तुमच्यामुळं निदान इथं तरी आला.”

“हे तिथं स्टेशनात का नाही बोललास?”

सोमनाथ खाली बघत म्हणाला, “बोललो असतो तर तुम्ही आणला असता का? आणि दुसऱ्या कुणाला तो चालवता येत नाही.”

खोटं बोलला असता तर मी त्याला एक वेळ माफ केलं असतं. इतकं खरं बोलायला नको होतं त्याने.

चिमाजीने आरडाओरडा केला नाही. मालकाच्या ड्रायव्हरला बाजूला बसवून दोन चकरा मारल्या, क्लच कसा दाबायचा ते नीट शिकवलं, कारण चुकीचं शिकवलं तर उद्या लग्नातली माणसं चिरडतील. मग किल्ली सोमनाथच्या हातात ठेवली, जीपमध्ये बसला नाही, आणि गणवेशातच एसटीने घरी आला.

आठवडाभर तो घराबाहेर पडला नाही. मैनाबाईंकडे जायचं म्हटलं की छातीत दुखतं म्हणायचा. शेवटी मीच त्याला रिक्षात घातलं. बंब नेल्यापासूनचा तो अकरावा दिवस.

मैनाबाई दारातच बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी नातीला हाक मारली. “साक्षी, मोबाइल आन गं.” साक्षीने मोबाइल पुढे धरला. लॉनची जाहिरात होती. ‘शाही एन्ट्री’ असं वर लिहिलेलं, खाली आमचा बंब, आणि स्टिअरिंगवर गणवेशातला चिमाजी.

“भावजी,” मैनाबाई म्हणाल्या, “तुमी हासताय यात.”

तो फोटो लॉनवरचा नव्हताच. निघताना आमच्या फाटकात काढलेला होता, मी काढला होता, आणि मोठ्या उत्साहाने दलाच्या ग्रुपवर मीच टाकला होता; सोमनाथही त्या ग्रुपवर होता. तेव्हा चिमाजीला वाटत होतं की तो नव्या स्टेशनला निघालाय. मी हे सांगायला तोंड उघडलं, तर चिमाजीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“राहू द्या, गुरुजी. वैनी, बंब मीच चालवत नेला.”

मैनाबाईंनी मोबाइल नातीला परत दिला.

“ते मला चवथ्या दिवशीच कळलं, पोरीनं दावलं,” त्या म्हणाल्या. “मी कुनालाच काय बोलले नाय. म्हनलं, चिमाजी भावजी स्वता येऊन सांगतील. सात दिस दारातच बसले हाय.”