गोदामाच्या पत्त्यावर

आमच्या हौशी नाट्यमंडळाचं घर म्हणजे अमडापुरातलं सरकीचं गोदाम. ते एका शेतकरी काकांचं. तालमीला जागा देताना त्यांची अट एकच होती : प्रत्येक नाटकात त्यांना एक वाक्य हवं.

पहिल्या नाटकात त्यांनी "मालक, तुमाले पत्र आलं" म्हटलं आणि टाळी घेतली. तेव्हापासून प्रत्येक नाटकात पत्र येऊ लागलं. पौराणिक नाटकात राक्षसाच्या दरबारातही आलं. राक्षसाने ते वाचलं. गावात कोणाला वावगं वाटलं नाही.

मग आम्ही स्पर्धेत उतरलो. नाटक मी बसवत होतो. विहिरीत अडकलेल्या दोन माणसांचं. विहिरीत पत्र कसं येणार, असं मी मंडळाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. परीक्षक शहरातले असणार, आणि मला काकांच्या बोलीची लाज वाटत होती. काकांना मी सांगितलं की स्पर्धेच्या नियमात दोनच पात्रं बसतात.

"नियम आहे तं आहे," ते म्हणाले.

त्या हंगामात आमची तालीम मोडू नये म्हणून त्यांनी सोयाबीन गोदामाबाहेर ताडपत्रीखाली ठेवलं. अवकाळी पाऊस आला. सोयाबीन काळं पडलं. त्या पोत्यांना वळसा घालून मी तालमीला जात राहिलो.

आम्हाला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. नाटकाची भाषा कुठल्याच गावची वाटत नाही, असा परीक्षकांचा शेरा होता.

पुढे दरवर्षी काका विचारायचे, "बाबू, नियम बदलला काय?" मी म्हणायचो, अजून नाही.

यंदा दिवाळीनंतर मी गोदामात गेलो. काका बारदान्याच्या, रिकाम्या पोत्यांच्या, घड्या घालत होते. तसा नियम कधीच नव्हता, असं मी सांगून टाकलं.

"माहीत आहे मले," ते म्हणाले. नियमांचं पुस्तक त्या पहिल्या स्पर्धेच्या वेळीच गोदामाच्या पत्त्यावर आलं होतं. पोस्टमनकडून त्यांनीच घेतलं, पोत्यावर बसून वाचलं आणि मला आणून दिलं. पाकीट फोडलेलं होतं, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

मग दरवर्षी का विचारत होता, असं मी विचारलं.

"तू कवा सांगतं, ते पाहून राह्यलो होतो."

यंदा सोयाबीन गोदामात आहे आणि तालीम बाहेर, ताडपत्रीखाली चालते. नाटक तेच, विहिरीचं. दुसऱ्या अंकात काका काठावर येतात, आपलं वाक्य म्हणतात आणि पत्र बादलीतून खाली सोडतात. एवढं तर तेव्हाही सुचलं असतं.