आमच्या भाकरीच्या काकू

"खाऊ नको. नुसता हात लाव," असं म्हणून काकू माझ्या लेकीसमोर ताटली सरकवायच्या आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसायच्या. मुलं जेवत असली की आपण सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो, बघता ना तुम्हीही? काकू नाही बघायच्या.

टोकरखाड्यात त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या धुळ्याकडच्या. राखोलीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायच्या. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची. कोरडी पोळी आणि वेगळ्या वाटीत वरणाचं पाणी, एवढंच तिचं जेवण. मऊ काही जिभेला लागलं की उलटी. त्यात डॉक्टरांनी सांगितलं, गहू कायमचा बंद. वजन आधीच उतरत चाललेलं. आता ही खाणार काय? मी काकूंच्या दारात जाऊन नुसतीच बसले.

"माय वं, एवढंच ना?" त्या म्हणाल्या.

एवढंच कसलं डोंबलाचं! पण दुसऱ्या दिवसापासून कामावरून आल्या की त्या अंघोळ करायच्या, साडी बदलायच्या, अंगावर पिठाचा कण नको म्हणून. मग वर येऊन तांदळाची भाकरी थापायच्या. पोळीएवढी पातळ, कडक, एकही डाग नाही. आठ दिवस लेकीने नुसता हात लावला. मग वास घेतला. मग एकदा कडेचा तुकडा मोडून खाल्ला.

तरी पोटदुखी थांबेना. परात नवी, तवा नवा. शेवटी मी एकेका डबीवरची बारीक अक्षरं वाचली. हिंगात गव्हाचं पीठ होतं. वरणाच्या पाण्यात हिंग काकूच घालायच्या, पोटाला बरा म्हणून. लेकीचं पोट दुखलं की चिमूटभर जास्त.

मी काकूंना सांगितलं. दोन दिवस वर आल्या नाहीत. मीही समजूत काढायला गेले नाही. जायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी आल्या, "फेकला का हिंग?" विचारलं आणि पीठ मळायला बसल्या.

यंदा भाचीच्या लग्नाला म्हणून गावी गेल्या. दोन दिवसांच्या भाकऱ्या डब्यात करून ठेवल्या होत्या. तिथेच झोपेत गेल्या. फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही.

डबा सकाळीच रिकामा झाला होता. संध्याकाळी मी पहिल्यांदा भाकरी थापली. जाड, वाकडी, मधोमध करपलेली. काकू आता येणार नाहीत, हे लेकीला सांगितलं होतं. ती बराच वेळ ताटलीकडे बघत राहिली.

"चांगली नाहीये," म्हणाली.

आणि सगळी खाल्ली.